चौथा ठिपका

पावडरचा डबा थोरलीनं आणला. पुढे आयुष्यभर ती हे नाकारणार होती, "मी नुसता कपाटातून काढून दिला," एवढ्यावरच अडून बसणार होती, म्हणून इथे आधीच लिहून ठेवलेलं बरं. डबा तिनं आणला, झाकण तिनं उघडलं आणि नणंदेच्या केसांवर पहिला हातही तिनंच मारला.

"अगं हळू! नाकात जातेय," म्हणत ताई तीनदा शिंकली.

"जाऊ दे नाकात. म्हातारपणी सर्दी असतेच. उलट बरं दिसेल."

"अगं बाई, मी सत्तावन्न वर्षांची आहे. आई आज असती तर अठ्ठ्याहत्तरची असती. ती सरकारी बाई आंधळी आहे का?"

"पडदा ओढून घेऊ ना! तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचं. काही विचारलं तर नुसतं 'हं' म्हणायचं. तिला काय हो, एक खूण करायची आणि पुढच्या घरी जायचं. आणि चेहरा तर अगदी आईंचाच आहे तुमचा. सगळे म्हणतात."

हे शेवटचं वाक्य थोरलीनं मुद्दाम टाकलं होतं आणि ते बरोबर जागी लागलं. आईसारखी दिसतेस म्हटलं की ताईचा निम्मा विरोध गळून पडतो, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताईनं मान पुढे केली. "मागे पण लाव मग. अर्धवट नको."

खिडकीशी दादा उभा होता. ताईचा पाठचा भाऊ, थोरलीचा नवरा आणि कारखाना चालू होता तोवर कात्र्यांचा तपासनीस. हातातलं सरकारी पत्र त्यानं सोमवारपासून इतक्यांदा वाचलं होतं, की घडीवर ते फाटायला आलं होतं. "तीन वाजता येणार आहे ती," तो म्हणाला. "आज संध्याकाळी यादी बंद."

"माहीत आहे. म्हणून तर चाललंय हे सगळं," थोरली म्हणाली. "तुम्ही नुसते घड्याळ वाचून दाखवू नका. उशी द्या ती इकडे."

कारखाना बंद होऊन पाच महिने झाले होते. बाहेरदेशातून येणारी कात्री इतकी स्वस्त होती, की इथल्या कात्रीला नुसतं पोलाद जेवढ्याचं लागे तेवढ्यात तिकडची डब्यासकट मिळे. धाकटा भाऊ ट्रक चालवतो, बंदरावरून माल आणतो. त्याच्या ट्रकमध्ये काय काय असतं, हे घरात कुणी त्याला विचारत नसे आणि तोही आपण होऊन सांगत नसे. मग सरकारनं मदत काढली. बाहेरच्या मालामुळे ज्यांचं काम गेलं, त्यांना नवीन काम शिकवायचं आणि शिकून होईपर्यंत घर चालेल एवढा भत्ता द्यायचा. दादाचा अर्ज पहिल्याच महिन्यात मंजूर झाला. अडला होता तो धाकटीचा, म्हणजे ट्रकवाल्या भावाच्या बायकोचा. कारण कारखान्याच्या हजेरीपटावर धाकटी नव्हतीच. तिच्या जागी तिची सासू होती आणि सासूला जाऊन चार वर्षं झाली होती.

आता हे कसं झालं, तर असं. पाती घडवायचं, घासायचं, चकाकी द्यायचं काम कारखान्यात होई, पण जोडणी घरोघरी. दोन पाती नुसती एकमेकांवर ठेवून कात्री होत नाही. दोन्हींना केसाएवढा वाक द्यावा लागतो, म्हणजे मिटताना ती फक्त एका बिंदूवर टेकतात आणि तो बिंदू मुठीपासून टोकापर्यंत सरकत जातो. ते डोळ्यांना दिसत नाही, ऐकावं लागतं. त्याला शांतता हवी, आणि कारखान्यात कसली आलीये शांतता! म्हणून सोमवारी हातगाडीवरून पेटी घरी यायची, शनिवारी मोजून परत जायची. गल्लीतल्या घराघरात खिडकीखाली जोडणीचं एक बाक आणि हजेरीपटावर त्या बाकाचं एक नाव.

आई गेली तेव्हा मॅनेजर अंत्ययात्रेत चार पावलं चालले होते. डोळेही पुसले होते त्यांनी. आणि सोमवारी त्यांच्याच सहीनं आईच्या नावाची पेटी दारात उभी. नाव बदलायला जावं, तर कारखान्यानं नवीन बाक देणं बंद केलेलं. माल खपेना, म्हणून रिकामं झालेलं बाक रिकामंच ठेवत. धाकटी सासूशेजारी बसून सहा वर्षं शिकलेली. ती गुपचूप बाकावर बसली, दादानं गुपचूप आईचं नाव लिहिलं. "पुढच्या महिन्यात बघू," तो म्हणाला. तो महिना काही आला नाही.

आणि आता थोरलीनं माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर एक नियम शोधला होता. साठीवरच्या कामगाराला आपल्या जागी घरातल्या एकाला शिकायला पाठवता येतं. म्हणजे आई हयात असली की झालं. जागा धाकटीला, दादाच्या चार वर्षांच्या सह्यांना धक्का नाही, सगळं जागच्या जागी. फक्त आई हयात हवी, एवढंच.

*

धाकटी चहा घेऊन आली आणि पलंगावरची पांढऱ्या केसांची बाई बघून ट्रे घेऊन उंबऱ्यातच थबकली.

चेहरा खरंच आईंचा होता. कपाळ, हनुवटी, अगदी रागावल्यावर खालचा ओठ आत ओढायची सवयसुद्धा. एक क्षणभर धाकटीला वाटलं, आता त्या म्हणणार, 'इतकी जोरात नको मिटूस, पातं आहे ते, दार नाही.' पण ताई म्हणाली, "बघतेस काय? तुझ्याचसाठी चाललंय," आणि चहाचा कप थोरलीच्या हातून घेतला. धाकटीच्या हातून ती गेली चार वर्षं काही घेत नसे. भांडण नव्हतं, तुटक बोलणं होतं. येणं-जाणं होतं, दुखलं-खुपलं विचारणं होतं, पण ते सगळं थोरलीमार्फत.

"मला हे बरं वाटत नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"बरं कुणाला वाटतंय? मला हौस आहे का नणंदेला पीठ फासायची?"

"मी खरं सांगते ना त्यांना. काम मी केलंय. करून दाखवते हवं तर."

"आणि यांचं काय?" थोरलीनं नवऱ्याकडे बोट केलं. "दर शनिवारी यांची सही आहे, आई हजर म्हणून. तू खरं सांगून मोकळी होशील, आणि यांची मंजूर झालेली मदत जाईल, ते? यांच्या वयाला दुसरीकडे कोण उभं करणार आहे?"

धाकटीनं ट्रे खाली ठेवला. दादानं चार वर्षं स्वतःच्या मानेवर सुरी ठेवून तिचं बाक राखलं होतं. पण ती जागा तिला हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या कात्र्या आणि चिमटे दुरुस्त करायचे, त्यांना धार लावायची, जोडणी करायची. साऱ्या यादीतून बारा माणसं घेणार होते. तीन वेळा ती त्या शिकवणीच्या वर्कशॉपवरून मुद्दाम चालत गेली होती आणि काचेतून बघून आली होती. करंगळीएवढ्या कात्र्या! एकीचं टोक तर मोडल्यासारखं वळवलेलं. ते कशाला असेल, या विचारात ती बसथांबा सोडून पुढे निघून गेली होती. कारखाना बंद झाल्यापासून भांडी घासतानासुद्धा तिचे हात काहीतरी जुळवत असायचे. ते हात आता कायमचे रिकामे राहणार, की उद्यापासून कामाला लागणार, हे आज संध्याकाळपर्यंत ठरणार होतं.

"दादा, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

दादानं पत्राची घडी घातली, उघडली, परत घातली. त्याच्या मनात एक नाही, दोन खोटी होती. हजेरीपटाचं सगळ्यांना माहीत होतं. दुसरं एकट्या त्याला माहीत होतं, आणि कदाचित धाकटीला. ते या क्षणी ताईच्या उशाशी, तिच्या शिवणकामाच्या पिशवीत होतं.

तो काही बोलणार, एवढ्यात जिन्यावर बूट वाजले. अडीचच वाजले होते.

"आली की गं बाई!" थोरलीनं पडदा ओढला. "ताई, भिंतीकडे! भिंतीकडे!"

*

सरकारी बाई तिशीची होती, खांद्याला जड पिशवी, दमलेली. पाणी दिलं ते तिनं एका दमात प्यायलं आणि खोलीभर नजर फिरवली. पलंगावर भिंतीकडे तोंड करून कुणीतरी झोपलेलं होतं.

"या कोण?"

"सासूबाई," थोरली म्हणाली. आवाज अगदी छान लागला होता तिचा. "बरं नसतं त्यांना. ऐकूही कमी येतं."

"आजी, बऱ्या आहात का?"

"हं," भिंतीकडून आलं.

बाईनं पेन काढलं. कागदावर ते टेकणार तेवढ्यात धाकटी म्हणाली, "थांबा. लिहू नका."

थोरलीनं डोळे मिटले.

"त्या आई नाहीत. त्या माझ्या नणंद आहेत. आई चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून जोडणी मी करत होते. नाव त्यांचं राहिलं, कारण बाक गेलं असतं." धाकटी न थांबता बोलत होती. "दादांची यात चूक नाही. मीच नाव बदलायचा आग्रह धरला नाही. माझा अर्ज काढून टाका हवं तर, त्यांच्या अर्जाला हात लावू नका."

तेवढ्यात गॅलरीतून आबा आत आले. आबा म्हणजे ताईचे आणि दादाचे वडील. चाळीस वर्षं धारेच्या चाकावर काढून कान गमावलेले. त्यांनी पलंगाकडे पाहिलं आणि बहिरी माणसं बोलतात तसे खच्चून म्हणाले, "ताई, डोक्यावर काय सांडलं गं तुझ्या?"

ताई उठून बसली. केसांतून पावडरचा लोट उठला. "काही नाही, आबा. तुमच्या सुनेचं डोकं सांडलंय."

सरकारी बाईनं हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही. मग तिनं पिशवीतून फाइल काढून पहिलं पान सगळ्यांसमोर धरलं. आईच्या मृत्यूची नोंद. तारीख, वेळ, सगळं.

"हे तुमच्याकडे आधीपासून होतं?" थोरलीनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग तुम्ही आलात कशाला?" थोरलीला एकदम रागच आला. "आम्ही सकाळपासून इथे जिवाचं रान करतोय!"

"या बाकावर चार वर्षांत एकही खाडा नाही," बाई म्हणाली. "मेल्यानंतर इतकं नेमानं काम कोण करतं, ते बघायला आले." ती खिडकीखालच्या बाकावर बसली आणि बाजूला सरकून तिनं धाकटीला जागा करून दिली. "हे बघा. बाकाच्या नावाखाली दुसऱ्या कुणी काम केलं असेल, तर त्याचा अर्ज घेता येतो. मला दोन गोष्टी लागतील. तपासनिसाचा लेखी जबाब. आणि आईंच्या मृत्यूनंतरचं, यांच्या हातचं काहीतरी. वस्तू, कागद, काहीही. दोन्ही आजच हवं."

"जबाब मी दिला तर माझ्या अर्जाचं काय होईल?" दादानं विचारलं.

"ते मी आत्ता सांगणार नाही. खरं असेल ते आधी लिहा."

*

थोरलीनं नवऱ्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं.

"लिहिणार आहात?"

"तूच सांग."

"मी काय सांगू? नेहमी मीच सांगायचं का? तुमची मदत गेली तर? त्या बाईनं हात वर केले, ऐकलंत ना? 'आत्ता सांगणार नाही' म्हणे."

दादा ओट्याला टेकला. "चार वर्षं ती बाकावर बसली," तो म्हणाला. "तुला सांगतो, एक जोडी परत आली नाही तिची. एकसुद्धा! आईच्यासुद्धा यायच्या महिन्याला दोन-तीन. मी स्क्रू उघडून उघडून बघायचो, काहीतरी सापडेल म्हणून. आणि पगारपत्रकावर सही आईची म्हणून मीच करायचो. ती कधी म्हणाली नाही, माझं नाव कधी लागणार."

धाकटीशी थोरलीचं फार गूळपीठ होतं अशातला भाग नव्हता. पाण्याच्या वेळेवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून दोघींची रोज एकदा तरी वाजायची. पण एक जोडी परत आली नाही, हे ती पहिल्यांदा ऐकत होती. आणि मघाशी त्या पोरीनं आपला अर्ज काढून टाका म्हटलं होतं, यांच्यासाठी.

"मग लिहा ना!" ती एकदम खेकसली. "माझ्या तोंडाकडे काय बघताय? पेन नाही का घरात?"

त्यानं स्वयंपाकघरातच ओट्यावर कागद ठेवून जबाब लिहिला. ओळी वर-खाली गेल्या, पण एकही शब्द खोडावा लागला नाही.

*

जबाब झाला. वस्तू सापडेना.

कात्र्या करणाऱ्यांच्या घरात कात्री नाही, हे कुणाला पटणार? पण शनिवारी प्रत्येक जोडी मोजून परत जायची आणि या घरातून कधी एक कमी गेली नव्हती. कारखान्यात उरलेला माल भंगारात वितळला होता. आबांची मिशीची कात्री आईच्या हातची, वीस वर्षांपूर्वीची. स्वयंपाकघरात एक होती, पण ती बाहेरदेशची, ट्रकवाल्यानं आणलेली. थोरलीनं ती घाईघाईनं खणात लोटली.

"काहीच नाही?" बाईनं घड्याळ पाहिलं. "बघा आठवून. त्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही."

"नाही," धाकटी म्हणाली. पण म्हणताना तिची नजर पलंगाच्या उशाशी गेली आणि लगेच तिनं ती उचलून भिंतीवर ठेवली. दादानं ते पाहिलं. म्हणजे तिलाही माहीत होतं तर.

"आहे," दादा म्हणाला.

"दादा, राहू दे," धाकटी घाईनं म्हणाली. "नको. खरंच नको. जागा गेली तर जाऊ दे."

"ताई," दादा म्हणाला, "तुझी कात्री दे."

ताईचा हात आपोआप पिशवीवर गेला. दोन गल्ल्या सोडून तिचं शिवणकामाचं दुकान होतं. ही कात्री ती दुकानात ठेवत नसे, रोज बरोबर नेई, बरोबर आणी. आईच्या शेवटच्या पेटीतली कात्री. आई गेल्यावर दोन महिन्यांनी दादानं आणून दिली होती. तोवर ताईला जेवण गोड लागत नव्हतं. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा कापड कापायला घेतलं आणि तिला वाटलं, आईचा हात आपल्या हातावर आहे. आईनं तिला जोडणी कधी शिकवली नव्हती. "तुझा हात जड आहे गं," म्हणायची. शिकवली ती सुनेला. पोटच्या मुलीला नाही, सुनेला! हे ताईच्या मनात सलत होतं, अजून सलत होतं, आणि त्यावर उतारा म्हणून एवढी एक कात्री होती.

"ती आईची आहे," ती म्हणाली.

"नाही गं. आईची शेवटची पेटी तू मागायच्या आधीच गेली होती. तू रडत होतीस, मला बघवेना. मी कारखान्यात पुढच्या एका पेटीतली उचलली आणि आईची म्हणून दिली. पैसे भरले मी तिचे, चोरीची नाही. पण आईची नाही ती."

"खोटं बोलतोयस. हिला जागा मिळावी म्हणून."

"ताई..."

"आबा!" ताई उठून वडिलांच्या खुर्चीपाशी गेली. कात्री त्यांच्या हातात दिली आणि कानाशी ओरडली, "ही कुणाची? आईचीच ना?"

आबांनी कात्री उघडली. मग कान गेलेले जुने धारवाले करत तसं त्यांनी तिची मूठ जबड्याच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटून सावकाश मिटली. परत उघडली, परत मिटली. खोलीत तेवढाच आवाज.

"धाकटीची," ते म्हणाले.

"कशावरून?"

"तुझ्या आईची टोकाला जराशी अडायची. आयुष्यभर सांगितलं तिला, शेवटाला सैल ठेव. माझं ऐकेल ती तुझी आई कसली? ही बघ, इथून निघाली ती तिथपर्यंत एकसारखी जाते."

"पण मी पहिल्याच दिवशी तुम्हाला दाखवायला आणली होती! तेव्हा का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठे?" आबा म्हणाले. "तू म्हणालीस, आईची आहे. मी म्हटलं, चांगली आहे. आठव बघ. एवढंच म्हटलं मी."

ताईला आठवलं. खरंच एवढंच म्हणाले होते. मग तिनं आबांच्या हातून कात्री घेतली आणि चार वर्षांत पहिल्यांदा धाकटीच्या हातात स्वतःच्या हातानं काहीतरी दिलं. "उघड," ती म्हणाली. "बघू दे मला."

धाकटीनं बाकाच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. स्क्रू निघाला, पाती सुटी झाली. आतल्या बाजूला, स्क्रूनं झाकलेल्या जागी, वर्षाचा आकडा ठोकलेला होता. आई वर्ष संपता संपता गेली होती, हे त्याच्या पुढचं वर्ष. त्याखाली जोडणाऱ्याची खूण, दोन्ही पात्यांवर सारखी. ठिपके.

"चार," सरकारी बाईनं भिंग धरून मोजले. "आणि आईंची खूण?"

"तीन," दादा म्हणाला. "आबांच्या मिशीच्या कात्रीत आहे, उघडून बघा. तिच्या बाकावरच्या सगळ्या जोड्यांना तीनच. ती गेल्यावर चार दिसायला लागले. मी कुणाला बोललो नाही."

"नाव तर त्यांचंच चालू ठेवलं होतंत. मग चौथा ठिपका कशाला?" बाईनं धाकटीला विचारलं.

धाकटीला संकोच वाटला. "पहिल्या पेटीला हात फार थरथरत होते," ती म्हणाली. "वाटलं, माझी जोडी खराब निघाली तर लोक म्हणतील, शेवटी शेवटी म्हातारीचा हात बिघडला. आईंना बोल लागला असता. म्हणून एक जास्त मारला. खराब निघालीच, तर त्यांची नव्हती हे कळावं."

ताई मटकन बाकावर बसली आणि रडायला लागली. चार वर्षं ती या बाईचा राग करत होती, आईची जागा बळकावली म्हणून. आणि ही बाई एकेका कात्रीत आईचं नाव राखत बसली होती, तेही स्क्रूखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी. "आणि मी हिच्याच कात्रीवर चार वर्षं पोट भरलं," ताई हुंदके देत म्हणाली, "आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटले, हात बघा माझ्या आईचा!" बोलता बोलता तिला हसू फुटलं. रडणं आणि हसणं एकाच वेळी चाललं आणि डोकं हललं तशी पावडर सरकारी कागदांवर सांडत राहिली. बाई ती फुंकर मारून उडवत लिहीत होती.

लिहून झाल्यावर तिनं शेवटचा शेरा वाचून दाखवला. काम प्रत्यक्ष झालेले आहे. मोबदला कामाचाच दिलेला आहे. नाव बदलायचे राहून गेले. अर्जदार पात्र. मग तिनं शिक्का मारला. "बारातली अकरावी जागा," ती म्हणाली. "सोमवारी नऊ वाजता हजर व्हा. स्वतःच्या नावानं."

"आणि यांचं?" थोरलीनं श्वास रोखून विचारलं.

"त्यांच्या अर्जाला काही होणार नाही. या गल्लीतलं हे सातवं बाक आहे. एका घरात तर पणजोबा अजून कामावर आहेत. वरून सूचना आलीये, खरं लिहून दिलं तर तपासनिसाला धरायचं नाही. पण हे मी आधी सांगितलं असतं, तर तुम्ही आपण होऊन लिहिलंत असं मला म्हणता आलं नसतं."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिनं त्या बाईला आणखी एक चहा पाजला, बिस्किटं खायला लावली आणि जिन्यापर्यंत पोचवताना हळूच विचारलं, पावडरचं कुठे लिहिलं नाही ना? नाही म्हटल्यावर तिचा तो दिवस पूर्ण झाला. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. पत्राची घडी या वेळी त्यानं सरळ खिशात टाकली.

बाकावर दोन सुटी पाती तशीच पडली होती. ताईनं डोळे पुसले. केस पांढरेच होते.

धाकटीनं पाती उचलली, फडक्यानं पुसली आणि एकमेकांवर ठेवली. स्क्रू बोटांत धरून ती थांबली. "ताई," ती हळूच म्हणाली, "टोकाला जराशी अडेल अशी करून देऊ? आईंची असायची तशी. मला जमतं. शेजारी बसून शिकलेय त्यांच्या."

ताईनं विचार केला. खरंच केला. खालचा ओठ आत ओढून ती थोडा वेळ त्या पात्यांकडे बघत राहिली.

"नको," ती म्हणाली. "आहे तशीच लाव. माझ्या हाताला तुझी सवय झालीये."

धाकटीनं स्क्रू फिरवला, एकदा मिटून ऐकलं, आणि कात्री तिच्या हातात दिली.